दहातले आठ डाव जिंकता, पण कुणाशी?

पत्र:

ताई, नमस्कार. मी खानापूरचा. अकरा वर्षं मस्कतला नोकरी करून दोन वर्षांमागं गावी परत आलो. आता कौलांचं आणि फरशीचं दुकान आहे. मस्कतला आमच्या मेसमधल्या लेबनानी आचाऱ्यानं मला बॅकगॅमन हा फासे टाकून सोंगट्या पळवायचा पटावरचा खेळ शिकवला. इथं आल्यावर दुकानातल्या पोरांना आणि शेजारच्या दोघा-तिघांना मीच शिकवलं. रोज संध्याकाळी शटर ओढलं की पट मांडतो. दहातले आठ डाव तर मी सहज मारतो. फोनवरपण खेळायलोय, तिथं माझं रेटिंग १६०० दाखवतंय. आता भाच्यानं गोव्यातल्या एका स्पर्धेचं पत्रक धाडलंय. अजून दोन महिने आहेत. तीन गट आहेत: ओपन, मधला आणि नवख्यांचा. भाचा म्हणतोय, मामा, सरळ ओपनला नाव घाला. बायको म्हणते, वासरात लंगडी गाय शहाणी, कशाला पैसे घालवायचे? मला तर कळंना झालंय. जाऊ काय नको? गेलो तर कुठल्या गटात? आणि आपण कितपत खेळतो हे माणसानं ओळखायचं तरी कसं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर:

दादा, जा. पण ओपनला नको, आणि ‘दहातले आठ’ या हिशेबावर तर मुळीच नको. पुढचे दोन महिने हातात आहेत ते बरं आहे. त्यातला पहिला महिना स्वतःला मोजण्यात घाला, मग नवख्यांचा गट की मधला ते ठरवा.

वहिनींची म्हण तिखट आहे खरी, पण गणित त्यांच्या बाजूनं आहे. इंटरनेटवर बॅकगॅमन खेळायला १९९२ साली फिब्स नावाचा सर्व्हर सुरू झाला. तिथं प्रत्येक नवा माणूस १५०० वर सुरू होतो, आणि दोघांच्या रेटिंगमधला फरक व सामन्याची लांबी, म्हणजे किती गुणांपर्यंत खेळायचं, यांवरून कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज देणारं सूत्र आहे. त्या सूत्रात २०० चा फरक घालून बघा. एका गुणाच्या डावात वरचढ खेळाडू शंभरात जेमतेम ५६ वेळा जिंकतो. सात गुणांच्या सामन्यात ६५ वेळा. एवढाच. आता उलटीकडून या. एकेक डाव खेळून दहातले आठ मारायचे, तर फरक किती लागेल? १२०० च्या वर. म्हणजे तुम्ही खरोखर १६०० चे असाल, तर तुमच्या दुकानातली पोरं ४०० ची झाली. हे रेटिंग पोरांना पट कळू लागल्याचंही लक्षण नाही. सोंगट्या कुठल्या दिशेनं न्यायच्या तेवढं त्यांना ठाऊक आहे, बस्स. त्यांना शिकवलंत तुम्ही, त्यांच्या चुका तुम्हाला पाठ, आणि तुमच्या चुका त्यांना दिसत नाहीत, कारण त्या चुका हेच त्यांचं शिक्षण. दहातल्या आठांवरून त्यांच्याबद्दल बरंच कळतं, तुमच्याबद्दल काही नाही.

फोनवरच्या १६०० चंही तसंच. प्रत्येक ॲपचं सुरुवातीचं रेटिंग वेगळं, चढउताराचा हिशेब वेगळा, आणि समोरचा माणूस हरतोय असं दिसलं की निम्म्यात फोन बंद करतो. एका ॲपवरचा आकडा दुसऱ्या ॲपवर चालत नाही, मग गोव्याच्या टेबलावर काय चालणार? तो आकडा विसरा.

हे गणित दुसऱ्या बाजूनंही कापतं, तेही ऐकून ठेवा. तुमच्यापेक्षा २०० नं वरचढ माणसालाही तुम्ही सात गुणांच्या सामन्यात शंभरातून ३५ वेळा हरवाल. बुद्धिबळात एवढी मुभा कुणी देत नाही. म्हणून एखाद्या स्पर्धेत दोन मोठी नावं गारद केली तरी तुम्ही मोठे झालात असं नाही, आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडलात तर तुम्ही कच्चे आहात असंही नाही. १९७९ साली माँटे कार्लोत नुकताच जगज्जेता झालेला इटलीचा लुइजी व्हिला एका संगणक प्रोग्रॅमकडून ७-१ असा हरला होता. जगभर गाजावाजा झाला. पण प्रोग्रॅम लिहिणारे हान्स बर्लिनर यांनीच नंतर प्रत्येक चाल तपासली आणि सांगितलं की खेळ व्हिलाचा चांगला होता, फासे आमच्या यंत्राला पडले. जिंकणाऱ्यानंच असा हिशेब मांडलेला मला तरी दुसऱ्या कुठल्या खेळात आठवत नाही.

आपल्याकडं आखाड्यात कुस्तीची जोड लावताना दोघांना शेजारी उभं करतात, अंग बघतात, वजनाचा अंदाज घेतात, याआधी कुणाकुणाला आस्मान दाखवलंय ते विचारतात आणि जोड ठरते. पटावर असं वरून बघून काही कळत नाही. जिंकण्या-हरण्यावरूनही लवकर कळत नाही, हे वर झालंच. मग उरतं काय? चुका. तुम्ही किती चुकता, आणि प्रत्येक चूक किती महाग पडते. हे मात्र आज घरबसल्या मोजता येतं, आणि फुकट.

ग्नू बॅकगॅमन नावाचा प्रोग्रॅम संगणकावर विनामूल्य मिळतो. तो फोनवर नाही, लॅपटॉपवर घ्यावा लागेल. ओपनला नाव घाला म्हणणाऱ्या भाच्याला हे काम द्या, कळू दे त्यालाही. मग ग्नूशी सात गुणांचा सामना खेळा. सामना संपला की त्याला तपासायला सांगा. तुमची प्रत्येक चाल आणि त्या जागी सर्वांत चांगली चाल कुठली होती, यांतला फरक तो काढतो. एक्स्ट्रीम गॅमन नावाचा विकतचा प्रोग्रॅमही हेच करतो, आणि बॅकगॅमन गॅलेक्सी नावाच्या साइटवर सामना संपल्याबरोबर हा आकडा समोर येतो. त्या आकड्याला सगळे पीआर म्हणतात, म्हणजे परफॉर्मन्स रेटिंग. जितका कमी तितकं चांगलं. एका निर्णयामागं सरासरी किती गुण गमावले, त्याची ५०० पट म्हणजे पीआर. दर निर्णयाला गुणाचा पन्नासावा भाग सांडत असाल, तर तुमचा पीआर १०. ग्नू आपला आकडा हजाराच्या हिशेबात देतो, त्याचा साधारण निम्मा केला की पीआरच्या जवळपास येतं. हे निम्मं करायचं विसरू नका, नाहीतर उगाच खचाल. शिवाय ग्नू आकड्याबरोबर शेराही देतो, आणि सर्वांत खालचा शेरा ‘ऑफुल’ असा आहे, उद्गारचिन्हासकट. पहिल्या सामन्यात तोच आला तर भाच्याला दाखवू नका.

यंत्राचं मत मानायचं कशाला, असं तुमच्या मनात येईल. आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी १९९२ च्या सुमाराला टीडी-गॅमन नावाचा प्रोग्रॅम केला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळत शिकला. मोठ्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं पाठ केलेल्या काही सुरुवातीच्या चाली त्यानं चुकीच्या ठरवल्या, आणि हळूहळू सगळ्यांनी त्याचं मान्य केलं. आजचे प्रोग्रॅम त्याच वाटेनं आलेले. त्यांच्याशी वाद घालायला मोठा खेळाडूही सहसा जात नाही.

एका सामन्याचा पीआर म्हणजे काहीच नव्हे. सोपा डाव पडला तर तो ५ येईल, गुंतागुंतीचा पडला तर २५. वीस-पंचवीस सामन्यांची सरासरी धरा, आणि तीही मधलेच चांगले सामने निवडून नव्हे, ओळीनं सगळे. मग माझा अंदाज असा: १५ च्या वर असाल तर नवख्यांचा गट. ८ ते १५ च्या मधे कुठंतरी असाल तर मधला. ७-८ च्या खाली टिकून असाल तर ओपनला जाऊन बसा, लाजायचं कारण नाही. ५ च्या खाली सातत्यानं खेळणारी माणसं जगात मोजकी, आणि जी अगदी वरची आहेत ती ३ च्या आसपास फिरतात. तुमचा पहिला आकडा २० च्या वर येईल असं मी आताच सांगून ठेवते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही निम्माच खेळ शिकलाय, म्हणून येईल. त्याबद्दल पुढं सांगते.

त्याआधी एक गोष्ट. ग्नू तुमच्या चुका वेगळ्या काढतो, आणि नशीबही वेगळं काढतो. कुणाला किती चांगले फासे पडले याचा आकडा शेजारी येतो. तुमच्या दुकानात हरणारा माणूस काय म्हणतो? ‘फासेच पडले नाहीत की.’ बेळगावात खेळणारे आम्हीपण हेच म्हणतो. आपल्याला लागलेले सहा-सहा कुणी लक्षात ठेवत नाही, समोरच्याला पडलेले मात्र वर्षभर आठवतात. हा आकडा बघायची सवय लावली की ही तक्रार आपोआप बंद पडते, कारण बऱ्याचदा उलटंच निघतं. फासे तुमचेच चांगले होते, तरी सामना कसाबसा निघाला. जिंकलेल्या सामन्यांचा हिशेब आधी तपासा, हरलेल्यांचा नंतर. जिंकलेल्या सामन्यातल्या चुका कुणी शोधत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात.

आता निम्म्या खेळाचं. तुमच्या आचाऱ्यानं तुम्हाला जे शिकवलं ते अरबी घराण्यातलं. तिकडं एकाच पटावर दोन-तीन प्रकार खेळतात. महबूसात सोंगटी मारत नाहीत, वर बसून दाबून ठेवतात. फ्रांजिया हा आपण ज्याला बॅकगॅमन म्हणतो त्याच्या जवळचा. तुम्ही हाच शिकला असाल. पंधरा-पंधरा सोंगट्या, चोवीस घरं, सुरुवातीला प्रत्येकाच्या नावावर १६७ पिप (सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला मिळून जेवढी घरं चालावी लागतात तो आकडा), सगळं तेच. पण त्या घराण्यात क्यूब नसतो. स्पर्धेतला सगळा खेळ क्यूबवर चालतो.

क्यूब म्हणजे २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे कोरलेला मोठा फासा. तो फेकायचा नसतो. सुरुवातीला पटाच्या मधे ६४ वर करून ठेवतात, त्याचा अर्थ डाव एका गुणाचा. आपली बाजू वरचढ आहे असं वाटलं की आपली पाळी आल्यावर, फासे फेकायच्या आधी, ‘डबल’ म्हणून तो २ वर फिरवून पुढं सरकवायचा. समोरचा एकतर सोडतो आणि एक गुण देतो, किंवा घेतो आणि डाव दोन गुणांचा होतो. घेतला तर क्यूब त्याच्या मालकीचा, पुढचं डबल फक्त तोच देऊ शकतो. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांत ही पद्धत निघाली, आणि शेकडो वर्षांचा खेळ तिथून बदलला.

तुमच्यासारखा खेळाडू इथं दोन प्रकारे पैसे सांडतो. एक, घेण्यासारखा क्यूब सोडतो. पट वाईट दिसला की मन म्हणतं, सोडा. पण हिशेब करा. समजा अशी स्थिती आली की चार वेळा खेळलो तर तीनदा हरणार आणि एकदा जिंकणार. चारही वेळा सोडलं तर चार गुण गेले. चारही वेळा घेतलं तर तीनदा दोन-दोन म्हणजे सहा गेले, एकदा दोन आले, उणे चारच. म्हणजे चारातून एकदा जिंकण्याची आशा असली तरी घेणं आणि सोडणं सारखंच पडतं. त्याहून थोडी जास्त असेल तर घेतलंच पाहिजे. क्यूब आपल्याकडं आल्यामुळं पुढं उलटा डबल देता येतो, त्यामुळं प्रत्यक्षात पंचवीस टक्क्यांच्या थोडं खाली असलं तरी घेता येतं. पण समोरचा गॅमन मारण्याची भीती असेल, म्हणजे आपली एकही सोंगटी बाहेर पडायच्या आत त्याच्या सगळ्या बाहेर, तर हा हिशेब बिघडतो, कारण गॅमनला दुप्पट गुण जातात. हे वाचायला सोपं आहे. टेबलावर बसून, समोरचा माणूस तोंडाकडं बघत असताना, ‘ही स्थिती तीस टक्क्यांची की अठराची’ हे ओळखणं म्हणजेच खेळ.

दुसरी चूक याच्या उलटी: डबल द्यायला उशीर. माणूस खात्री होईपर्यंत थांबतो. खात्री झाल्यावर डबल दिलं तर समोरचा सोडतो, एक गुण मिळतो आणि तुम्ही खूश. पण आधी दिलं असतं तर त्यानं घेतलं असतं, आणि दोन मिळाले असते. क्यूब द्यायचा तो डाव अजून धगधगत असताना.

आणि मग स्कोअर. सात गुणांच्या सामन्यात ६-४ असा स्कोअर असताना जो निर्णय बरोबर, तो १-१ असताना चुकीचा असू शकतो. क्रॉफर्ड नियम ठाऊक आहे काय? एका खेळाडूला जिंकायला पहिल्यांदा एकच गुण उरतो, तेव्हा त्याच्या लगेच पुढच्या एका डावात क्यूब वापरायला बंदी असते. तो डाव झाल्यावर मागं पडलेल्यानं पहिल्या संधीलाच डबल द्यायचं. कारण तो डाव हरला तर सामना गेलाच, क्यूब कितीवर आहे याला अर्थ उरत नाही, आणि जिंकला तर दोन गुण. हे ज्याला विचार न करता येतं तो स्पर्धेत बसायला तयार. ज्याला हे ऐकूनच माहीत नाही, त्यानं ओपनमध्ये बसायचं नाही, सोंगट्या कितीही छान हलवत असो.

म्हणून ग्नूच्या तपासणीत दोन आकडे वेगळे बघा: चालींच्या चुका आणि क्यूबच्या चुका. तुमचा चालींचा आकडा बरा येईल असा माझा कयास आहे, अकरा वर्षं खेळलाय तुम्ही. क्यूबचा भयानक येईल. तसं झालं तर ती आनंदाची बातमी समजा, कारण क्यूबच्या चुका चालींच्या चुकांपेक्षा लवकर सुधारतात. थोडे आकडे पाठ असले की निम्मं काम होतं.

आकड्यांची एक छोटी परीक्षा इथंच घ्या. समोरच्याची सोंगटी तुमच्या सोंगटीच्या मागं सहा घरांवर उभी आहे. तुमच्या सोंगटीला मार बसण्याची शक्यता दोन फाशांच्या छत्तीस दानांत किती? अकरा असं म्हणालात तर अर्धवट बरोबर. सहाच्या फाशाचे अकरा, पण पाच-एक, चार-दोन, तीन-तीन, दोन-दोन यांनीही सहा होतात, सगळे मिळून सतरा. सात घरांवर असेल तर फक्त सहा. एक घर मागं-पुढं सरकण्यात एवढा फरक. हे तुम्ही हिशेबानं करता की अंदाजानं, यावरून तुमचा गट निम्मा ठरतो.

दुसरी परीक्षा शर्यतीची. दोघांच्या सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्यावर फक्त कोण आधी घरी पोचतो एवढंच उरतं. तेव्हा दोघांचे पिप मोजून फरक काढायचा. तुमच्याकडं १०० पिप शिल्लक असतील आणि समोरच्याकडं १०८, तर डबल द्या. १०९ असतील तर आधीच घेतलेला क्यूबही फिरवून उलटा डबल द्या. समोरचा ११२ पर्यंत असला तर त्यानं घ्यावं, त्याच्यापुढं सोडावं. ८, ९, १२ टक्के, एवढं लक्षात ठेवा. नियम ढोबळ आहे, पण नवख्यांच्या आणि मधल्या गटाला पुरतो. आता खरा प्रश्न: पट बघून दोन्ही बाजूंचे पिप तुम्ही अर्ध्या-पाऊण मिनिटात मोजू शकता काय? फोनवर आकडा कोपऱ्यात लिहिलेला असतो. गोव्याला कोपऱ्यात काही लिहिलेलं नसणार. फोनवर शिकलेली बरीच पोरं पहिल्या स्पर्धेत इथंच अडकतात.

फोन आणखीही बरंच लपवतो. प्रत्यक्ष पटावर फासे प्याल्यातून आपल्या उजव्या हाताच्या अर्ध्या पटावर टाकायचे, सपाट पडायला हवेत. एखादा सोंगटीवर चढला, तिरका राहिला किंवा पटाबाहेर गेला तर दोन्ही परत. सोंगट्या कुठल्या दिशेला फिरतात ते टेबलानुसार बदलतं, डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं दोन्हीची सवय हवी. चुकीच्या घरात सोंगटी ठेवली तर फोन थांबवतो, माणूस थांबवेलच असं नाही. आणि घड्याळ. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक चालीला बारा सेकंद मोफत असतात, त्यापुढं स्वतःच्या राखीव वेळातून कापत जातात. राखीव वेळ बहुधा गुणामागं दोन मिनिटं, म्हणजे सात गुणांना चौदा. मेसमध्ये चहा पीत खेळणाऱ्याला बारा सेकंद म्हणजे काहीच नाहीत. दुकानातल्या पोरांबरोबर रोजचा एक सामना फोनवरचं घड्याळ लावून खेळा. पोरांना क्यूब शिकवा. हरली तरी चालतील, पण क्यूब घेऊ-सोडू देत. यातनं तुमचाच सराव होईल.

आता गटाचं. ओपनमध्ये नाव घातलं तर कुणी अडवणार नाही, फी भरली की झालं. पण तिथं सामने लांब, घड्याळ कडक, आणि समोरचा माणूस तुमच्या प्रत्येक चुकीच्या क्यूबवर एकेक गुण वेचत जाणारा. तुम्हाला ते कळणारही नाही, आणि न कळलेल्या चुकीतून काही शिकता येत नाही. दोन सामने हरून संध्याकाळी समुद्रावर बसाल. नवख्यांच्या गटात तुम्ही वरच्या अंगाला असाल, म्हणजे तीन-चार फेऱ्या खेळायला मिळतील, आणि खेळ बघायलाही वेळ मिळेल. आपला सामना संपला की ओपनच्या टेबलामागं उभं राहा. बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसतं बघायचं: डबल कधी दिलं, घेतलं की सोडलं. तुम्ही मनात काय केलं असतं ते ठरवा आणि घरी येऊन ग्नूला विचारा. या एका गोष्टीसाठी स्पर्धेला जावं असं मला वाटतं, बक्षीस हा दुसरा भाग.

पण महिनाभरानं तुमचा आकडा ९-१० वर आला, तर मात्र नवख्यांत लपू नका. कुणी ओळखत नाही म्हणून खालच्या गटात बसून चषक घेऊन येणारे असतात. दोन स्पर्धांनंतर ते सगळ्यांना ठाऊक होतात आणि संयोजक त्यांना उचलून वर टाकतो. तसला चषक खानापुरात दाखवायला ठीक, गोव्यात पुन्हा तोंड दाखवायला नाही.

वहिनींच्या पैशांच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे. फी, जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं, एवढं हरलो तरी हरकत नाही असं असेल तरच जा. काही स्पर्धांत फीवर आणखी पैसे घालून वेगळा पूल करतात, ज्याला भाग घ्यायचाय त्यानं घ्यायचा. तुम्ही घेऊ नका, पहिल्या वर्षी तर नाहीच. आणि सरावाच्या नावाखाली फोनवर पैसे लावून खेळायच्या भानगडीत पडू नका. तसले ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद केलेत, आणि बंद नसते तरी सरावाला पैसे लागत नाहीत.

नाव घालायच्या आधी पत्रकावरच्या नंबरला फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा: नवख्यांच्या गटात सामने किती गुणांचे, घड्याळ असतं काय, आणि पहिला सामना हरल्यावर पुढं खेळायला मिळतं काय. चांगल्या स्पर्धेत हरलेल्यांसाठी वेगळी फळी असते, निदान दोन-तीन सामने होतात. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणाले तर ही स्पर्धा सोडा, दुसरी येईल. एका सामन्यासाठी जांबोटीहून चोर्ला घाट उतरून जाण्यात अर्थ नाही.